'नैतिक हक्क' म्हणजे कोर्टात न टिकणारे हक्क?

प्रश्न असा आहे : करारनाम्यात 'लेखकाचे नैतिक हक्क अबाधित राहतील' असं लिहिलंय. नैतिक म्हणजे नुसते म्हणण्यापुरते, कोर्टात न टिकणारे, असंच ना?

नेमकं उलट. पण दोष विचारणाऱ्याचा नाही, 'मोरल राइट'ला दिलेल्या मराठी प्रतिशब्दाचा आहे. 'तुम्हाला हे बोलण्याचा नैतिक अधिकार नाही' असं आपण म्हणतो, तेव्हा कायद्याची आडकाठी काहीच नसते. मराठीत 'नैतिक' हा 'कायदेशीर'च्या समोरच्या बाकावर बसतो. कॉपीराइटमधला 'मोरल राइट' मात्र चक्क कायदेशीर.

मूळ शब्द फ्रेंच, 'द्र्वा मोराल'. तिकडे 'मोराल'चा अर्थ नीतीपुरता नाही. जे भौतिक नाही, मनाशी किंवा व्यक्तित्वाशी निगडित आहे, तेही 'मोराल'. कंपनी, संस्था अशा कायद्याने मानलेल्या व्यक्तीला फ्रेंचमध्ये 'पेर्सोन मोराल' म्हणतात. तिच्या चारित्र्याची हमी त्यात कुणी देत नाही! सैन्याचं 'मोराल' खचतं ते याच घराण्यातलं. त्याला आपण शहाणपणाने 'मनोधैर्य' म्हटलं. इथे मात्र 'नैतिक' डकवून मोकळे झालो. ('नैतिक पाठिंब्या'चीसुद्धा तीच गत. त्यात नीती कुठे असते?)

जर्मन भाषेत सरळ 'कर्त्याच्या व्यक्तित्वाचा हक्क' अशा अर्थाचा लांबलचक समास आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५७ही 'मोरल' म्हणत नाही, 'लेखकाचे विशेष हक्क' म्हणतं (लेखक म्हणजे इथे कृतीचा कर्ता, मग तो शिल्पकार का असेना). हक्क दोन : कृती माझी आहे असं सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा. कॉपीराइट विकल्यावरही हे उरतात. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांचं विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प १९७९मध्ये उतरवून टाकलं होतं. शिल्प सरकारच्या मालकीचं, तरी २००५मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अवशेष त्यांना परत द्यायला लावले, वर पाच लाखांची भरपाई.

मला विचाराल तर 'कर्तेपणाचे हक्क' म्हणावं. कॉपीराइटला आपण 'स्वामित्वहक्क' म्हणतोच. स्वामी बदलतो, कर्ता बदलत नाही, हा फरक शब्दांतच दिसतो. 'कर्तृत्वाचे हक्क' नको, लोकांना सत्कारसमारंभ आठवेल. करारात मात्र माझा शब्द वापरू नका. 'कलम ५७खालील विशेष हक्क' असंच लिहून घ्या.