व्हॅल्युएशन जुळत नाही? आधी त्या ओळीतला पैसा कोणाचा ते बघा

कंपनीची किंमत काढण्याबद्दलच्या तुमच्या पोस्टमधलं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं: "सूत्रं सगळी येतात, एक्सेल कुठे एरर देत नाही, तरी केसच्या उत्तराशी माझं उत्तर जुळत नाही आणि गाईड नुसतं 'लॉजिक बघ' म्हणतात." फायनान्सच्या मास्टर्सला असताना हेच वाक्य मी कोणाकोणाला ऐकवलं असेल त्याची गणती नाही. तुमचे प्रश्न दोन आहेत. मॉडेलिंगचा महागडा कोर्स लावू का, आणि 'कर्ज आणि कंपनीचं मूल्य' हा प्रबंधाचा विषय बदलू का?

कोर्स नको, विषय बदलू नका. शीर्षक मात्र अजून नोंदवलं नसेल तर थांबा. त्याचं कारण पुढे येईल.

आधीच सांगते, मी प्राध्यापक नाही. शिक्षण संपवून बरीच वर्षं कंपन्यांची व्हॅल्युएशन करते आहे, एवढाच अधिकार. एनपीव्ही (पुढे येणाऱ्या-जाणाऱ्या पैशाची आजची निव्वळ किंमत), बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअरची जोखीम), वॅक (कर्ज आणि भागभांडवल यांचा मिळून सरासरी खर्चाचा दर) कसा काढतात वगैरे तुम्हाला येतं असं धरून चालते.

माझा प्रबंध जवळपास तुमच्याच विषयावर होता. बावीस सूचिबद्ध कंपन्या घेतल्या. प्रत्येकीचा पाच वर्षांचा अंदाज बांधला, टर्मिनल व्हॅल्यू म्हणजे त्यापुढच्या सगळ्या वर्षांची किंमत काढली, आणि आलेली किंमत बाजारातल्या किमतीशी ताडून पाहिली. कॅश फ्लो, म्हणजे हाती येणारी रोख, मी निव्वळ नफ्यापासून सुरू केला. त्यात घसारा मिळवला, भांडवली खर्च आणि खेळत्या भांडवलातली वाढ वजा केली, आलेला आकडा वॅकने डिस्काउंट केला (म्हणजे त्या दराने आजच्या किमतीत आणला) आणि शेवटी कर्ज वजा केलं. चौदा शीट्सचं मॉडेल होतं. ताळेबंद पैशापर्यंत जुळत होता, रंगसंगतीही झकास होती.

निष्कर्ष तर इतका सुबक निघाला की बस. कमी कर्जाच्या कंपन्यांची माझी किंमत बाजाराच्या आसपास येत होती, आणि जसजसं कर्ज वाढे तसतशी ती बाजाराच्या खाली जात होती. आलेख काढला तर सरळ उतरती रेघ. म्हणजे बाजार कर्जबाजारी कंपन्यांना डोक्यावर बसवतोय! गाईडनाही तो पॅटर्न आवडला. त्या रेघेवर मी चाळीस पानं लिहिली.

सबमिशनच्या आधीच्या सेमिनारला बाहेरून आलेल्या एका बाईंनी तिसऱ्याच स्लाइडला थांबवलं.

"या ओळीत व्याज वजा झालंय?"

"हो, निव्वळ नफाच आहे ना."

"मग डिस्काउंट रेटमध्ये कर्जाचा खर्च धरलाय तो कोणासाठी?"

"कर्ज देणाऱ्यांसाठी."

"आणि शेवटी वजा केलंत ते कर्ज?"

तेही त्यांचंच. एकाच धनकोला मी तीन ठिकाणी धरलं होतं. त्या पुढे काही बोलल्या नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं आणि "चालू ठेवा" म्हणाल्या. पुढच्या अकरा स्लाइड मी कशा वाचल्या ते मला आठवत नाही.

हे आकड्यात बघितल्याशिवाय अंगाला लागत नाही, म्हणून एक लहान उदाहरण. कंपनी दरवर्षी तेच कमावते, वाढ शून्य, घसारा आणि भांडवली खर्च सारखेच. व्याज-करपूर्व नफा 200. कर 25 टक्के. कर्ज 500, त्यावर व्याज 8 टक्के म्हणजे 40. भागधारकांना हवा असलेला परतावा 12 टक्के. इक्विटीची, म्हणजे भागधारकांच्या हिश्श्याची, बाजारातली किंमत 1000. आता वॅक काढा: दोन तृतीयांश गुणिले 12, अधिक एक तृतीयांश गुणिले 8 गुणिले 0.75. बरोब्बर 10 टक्के.

बरोबर वाट अशी: 200 वर 25 टक्के कर, राहिले 150. हा पैसा धनको आणि भागधारक दोघांचा. म्हणून दोघांचा मिळून जो दर, त्या 10 टक्क्यांनी भागा: 1500. त्यातून कर्ज 500 वजा, भागधारकांचे 1000. दुसऱ्या वाटेने जा: 200 मधून व्याज 40, राहिले 160, त्यावर कर 40, उरले 120. हा फक्त भागधारकांचा, म्हणून त्यांच्या 12 टक्क्यांनी भागा. पुन्हा 1000. जुळलं.

आता माझा पराक्रम. 120 घेतले, 10 टक्क्यांनी भागले, 1200 आले, त्यातून 500 वजा केले: 700. हजाराच्या इक्विटीचे सातशे. मधले 300 म्हणजे करानंतरचं व्याज 30, भागिले 10 टक्के. ही चूक कर्जाच्या प्रमाणात वाढते हे दिसतंय ना? माझी ती सुबक उतरती रेघ बाजारातून आलेली नव्हती, माझ्याच सूत्रातून आली होती. करानंतरचं व्याज परत मिळवून शीट पुन्हा चालवलं आणि रेघ आडवी झाली. चाळीस पानं हवेत.

याच कंपनीत आणखीही घोळ घालता येतात. 120 ला 10 टक्क्यांनी भागून तेच इक्विटीचं मूल्य म्हटलं तर 1200. कर प्रत्यक्ष भरला तेवढाच म्हणजे 40 वजा करून कॅश फ्लो 160 धरला आणि वॅकमध्ये व्याजावरची करसवलतही ठेवली तर कंपनी 1600 ची, इक्विटी 1100. तिथे टॅक्स शील्ड, म्हणजे व्याजामुळे वाचलेला कर, दोनदा मोजलं गेलं. म्हणजे 700, 1000, 1100, 1200 अशी चार उत्तरं, चारही ऐकायला ठीकठाक, आणि एक्सेलमध्ये एकही खाना लाल होत नाही. म्हणून मी मॉडेलिंगच्या कोर्सला नाही म्हणते. तिथे शॉर्टकट, लिंक आणि रंग शिकवतात. (चांगले कोर्स असतीलही, माझ्या वाट्याला आले नाहीत.) चुकीचा कॅश फ्लो चटकन डिस्काउंट करता येणं याला मी कौशल्य म्हणत नाही.

गंमत म्हणजे त्याच सत्रात मोदिग्लियानी आणि मिलर या अर्थतज्ज्ञांचं 1958 चं प्रमेय मी शिकले होते, पेपरात लिहूनही आले होते. कर, दिवाळखोरीचा खर्च वगैरे नसलेल्या जगात पैसा कर्जातून आला की भागभांडवलातून, याने कंपनीचं मूल्य बदलत नाही. इथे माझं शीट सांगत होतं की कर्ज वाढलं की मूल्य भराभरा गळतं. त्या क्षणी शीटचा संशय यायला हवा होता. मला वाटलं मी प्रमेयाच्या पुढे गेले! तुमच्या समाधानासाठी सांगते, कराच्या बाबतीत ते दोघंही आधी चुकले होते, आणि 1963 मध्ये त्यांनी स्वतःच त्याची दुरुस्ती छापली. त्यांना एक सेमिस्टर परत बसावं लागलं नाही, एवढाच फरक.

मला बसावं लागलं. चुकीमुळे नव्हे, चूक मी नऊ दिवसांत दुरुस्त केली होती. बसावं लागलं ते शीर्षकामुळे. कोणता विभाग, कोणतं कार्यालय ते लिहीत नाही. पहिल्याच महिन्यात उत्साहाच्या भरात मी शीर्षकात 'कर्जबाजारी कंपन्यांचे अतिमूल्यन' असं नोंदवून बसले होते, म्हणजे निष्कर्षच शीर्षकात. आता अतिमूल्यन उरलंच नव्हतं. बदलायला गेले तर खिडकीवर सांगितलं, गाईडची सही आणा. गाईड म्हणाले, समितीची मंजुरी लागेल. समितीच्या सचिवांनी सांगितलं, कार्यालयातून अर्ज आला की बघू. कार्यालय म्हणालं, असा अर्जाचा नमुनाच नाही, तुम्ही साध्या कागदावर द्या. साध्या कागदावर दिला, तर तो नमुन्यात नाही म्हणून परत आला. तोवर समितीची बैठक होऊन गेली होती आणि पुढची थेट पुढच्या सत्रात. 'मुदतीआधी होऊन जाईल' हे मला तोंडी तीन जणांनी सांगितलं होतं, लेखी एकानेही नाही. तेव्हा शीर्षक बेतानं ठेवा. 'भांडवल रचना आणि मूल्यांकन: एक अभ्यास' हे कितीही मिळमिळीत वाटलं तरी त्यात कुठलाही निकाल बसतो. आणि कोणी तोंडी आश्वासन दिलं की त्याच संध्याकाळी 'आज ठरल्याप्रमाणे' अशी दोन ओळींची मेल टाका.

असो, शीटकडे येते. सेमिनारनंतर मी प्रत्येक ओळीच्या डाव्या बाजूला एक रकाना वाढवला, त्याला नाव दिलं 'कोणाचा'. प्रत्येक आकड्यापुढे लिहायचं: सगळ्यांचा, भागधारकांचा, की धनकोंचा. दरापुढेही तेच. भागताना वर-खाली एकच शब्द नसेल तर तिथेच थांबायचं. आजही नवीन मुलं शीट घेऊन आली की मी पहिलं तेच विचारते, आणि दहातली निदान तीन तिथेच अडखळतात. (ही काही आकडेवारी नाही, माझ्या टेबलावरचा अंदाज.) त्याच रकान्याशेजारी दुसरा: महागाईसकट की वगळून. कॅश फ्लो आजच्या भावात आणि दर बँकेने सांगितलेला, म्हणजे महागाईसकट, ही माझ्या चुकीची सख्खी बहीण.

'कोणाचा' हा प्रश्न भाडेपट्ट्यांनाही लावा, तिथे हल्ली फार गोंधळ होतो. आयएफआरएस 16 हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक 1 जानेवारी 2019 पासून लागू झालं. तेव्हापासून ते वापरणाऱ्या कंपन्यांचे बहुतेक भाडेपट्टे ताळेबंदावर आले, आणि भाड्याच्या जागी घसारा नि व्याज दिसू लागलं. दुकान तेच, भाडं तेच, पण एबिटडा (व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) वाढलेला. कॅश फ्लोमधून भाडं बाहेर काढलंत तर भाडेपट्ट्याचं देणं कर्जात मोजायलाच हवं, नाहीतर जागेच्या मालकाचा पैसा भागधारकांच्या खिशात जातो. तुमच्या डेटात 2018 आणि 2019 शेजारी-शेजारी असतील तर कर्जाची गुणोत्तरं सरळ जोडू नका. एका वर्षात कर्ज उसळलेलं दिसेल, आणि त्यावर तुम्ही माझ्यासारखी चाळीस पानं लिहाल.

बीटाबद्दल थोडक्यात. दुसऱ्या कंपनीचा बीटा उचललात तर त्यात तिचं कर्ज मिसळलेलं असतं. ते काढा, मग आपल्या कंपनीचं घाला. 1972 चं हमादांचं सूत्र त्यासाठीच आहे. कर्ज कायम तेवढंच राहील असं ते सूत्र गृहीत धरतं, हे तळटीपेत लिहा. परीक्षक खूश होतात.

तुमच्या पोस्टखाली एकांनी लिहिलंय की प्रत्यक्षात हे कोणी वापरतच नाही. ग्रॅहम आणि हार्वी या अभ्यासकांनी 2001 मध्ये 392 वित्तप्रमुखांची पाहणी छापली. सुमारे तीन चतुर्थांश लोक एनपीव्ही आणि आयआरआर (प्रकल्पाचा स्वतःचा परतावा दर) नेहमी किंवा जवळजवळ नेहमी वापरतात असं त्यात निघालं. आणि परदेशातल्या वेगळ्या जोखमीच्या प्रकल्पालाही पूर्ण कंपनीचा एकच दर लावू म्हणणारे निम्म्याहून अधिक होते. म्हणजे वापरतात बहुतेक जण, पण दर कोणत्या पैशाला लावायचा तिथे मोठमोठे गडबडतात. माझ्या मते अख्ख्या अभ्यासक्रमात हाच भाग अवघड आहे, बाकी गणित शाळेतलं आहे. यावर मतभेद असतील, मान्य.

कर्ज दरवर्षी फेडलं जाणार असेल तर एकच वॅक शेवटपर्यंत ओढू नका. मायर्स यांची 1974 ची एपीव्हीची (समायोजित वर्तमान मूल्याची) पद्धत वापरा: कर्ज नसतं तर किती, अधिक टॅक्स शील्ड किती. वरच्या कंपनीत 1375 अधिक 125, पुन्हा 1500. अर्थात तुमच्या परीक्षकांना वॅकच हवा असेल तर वॅकच द्या, वर्ष वाया घालवू नका माझ्या नादी लागून.

तुम्ही एक गोष्ट लिहिली नाहीत: तुमचं उत्तर केसच्या उत्तरापेक्षा वर येतं की खाली? खाली येत असेल आणि जास्त कर्जाच्या केसमध्ये फरक वाढत असेल, तर बहुधा माझीच चूक, निव्वळ नफ्याची ओळ तपासा. वर येत असेल तर आधी करसवलत दोनदा मोजली गेलीय का ते बघा, मग वॅकमधली वजनं बघा. इक्विटी बाजाराऐवजी पुस्तकी म्हणजे ताळेबंदातल्या किमतीने धरली की बहुतेकदा वॅक खाली घसरतो. वरच्या कंपनीत पुस्तकी इक्विटी 500 धरलीत तर तो 10 चा 9 होतो, आणि 1500 ची कंपनी 1667 ची दिसते. कॅश फ्लोच्या पहिल्या पाच ओळी आणि दराची ओळ इथे टाका. पूर्ण शीट नको, चौदा शीट्स मी पुन्हा उघडणार नाही.