सुई टोचली, कुणाला सांगितलं नाही

प्रश्न : ताई, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) सेकंड इयरला आहे. मागच्या महिन्यात मेल वॉर्डला ब्लड घेतल्यावर सुईला परत टोपण लावताना अंगठ्याला टोचली, ग्लोव्हमधून रक्त आलं. सिस्टर ओरडतील म्हणून गप्प बसले, आता झोप लागत नाहीये.

उत्तर : अगं, आधी शांत हो. एचआयव्ही पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तरी लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. खरी भीती हिपॅटायटिस बीची, लस नसेल तर चान्स ३० टक्क्यांपर्यंत जातो. तुझे ०, १, ६ महिन्यांचे तिन्ही डोस झालेत ना? (तिसरा डोस विसरणाऱ्या मुली मी पुष्कळ बघितल्यात.) झाले असतील तर टायटर (लसीने रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या ते सांगणारी टेस्ट) कर, १० च्या वर आलं की बीचं टेन्शन गेलं. एचआयव्ही, हिपॅटायटिस सीच्या टेस्ट मात्र आताच कर आणि डॉक्टर सांगतील तेव्हा परत कर. पीईपीच्या गोळ्या (सुई टोचल्यावर एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या) ७२ तासांच्या आत, जमलं तर २ तासांतच सुरू करायच्या असतात, ती वेळ गेली, म्हणून तर म्हणते लगेच सांगायचं, सिस्टर ओरडल्या तर ओरडल्या. टोचल्यावर बोट पिळायचं नाही, साबण-पाण्याने धुवायचं. आणि टोपण परत लावायचंच कशाला, सुई सरळ वापरलेल्या सुया टाकायच्या पांढऱ्या डब्यात.