आधी ब्रेक, मग बाकीचं: जुन्या फोर बाय फोरबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार सर, नुकतीच एक पंचवीसेक वर्षं जुनी डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर देता येणारी) घेतलीय, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग), मॅन्युअल गिअर, डिझेलचा साधा मेकॅनिकल पंप. दोन-तीन आठवडे उंच डोंगरात, वस्तीपासून लांब फिरायचा विचार आहे. मित्र म्हणतात लिफ्ट किट (गाडी उंच करणारं) टाक, मोठे टायर टाक, वर कॅरिअर टाक, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) लाव. बजेट बेताचंच आहे, सुरुवात कुठून करू?

उत्तर: मित्रांनी सांगितलेल्या चारही गोष्टी फोटोत दिसतात, आणि तुम्हाला आधी ज्यावर पैसे घालायचेत त्यातलं काहीच फोटोत दिसत नाही, घोळ तिथेच आहे. पहिलं काम म्हणजे गाडी कंपनीतून निघाली तेव्हा जशी होती तशी करणं. पंचवीस वर्षांत तिचे रबर बुश संपलेत, होजपाइप कडक झालेत, आधीच्या मालकांनी वायरिंगला टेपांवर टेपा मारल्यात, आणि अशा गाडीला दोन इंच उचलून वर दीडशे किलो सामान लादलं की जे दोन वर्षांनी तुटणार होतं ते दुसऱ्या दिवशी तुटतं, तेही नेमकं जिथे फोनला रेंज नाही तिथे.

चेसीपासून सुरू करा. गाडी धुवा, खाली झोपा आणि एक लहान हातोडी घेऊन पाट्यांचे हँगर, बॉडी माउंट, मागच्या चाकामागचा भाग सगळीकडे ठोकत जा. चांगलं लोखंड टणटण वाजतं, आतून सडलेलं असेल तर आवाज बसका येतो आणि कधी कधी हातोडीच आत जाते. नवीन काळा रंग मारलेली चेसी दिसली तर मी उलट जास्त ठोकतो. सडलेल्या भागावर नुसता पत्रा चिकटवून भागत नाही, चांगलं लोखंड लागेपर्यंत कापून मगच प्लेट वेल्ड करायची, आणि प्लेटची टोकं तिरकी कापायची, कारण चेसीला काटकोनात आडवा वेल्ड मारला की पुढे तडा त्याच रेषेत जातो.

मग चाकं. पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक वर आणि खाली (घड्याळातले 12 आणि 6) धरून हलवा. खटखट लागली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेअरिंग सैल आहे, तरीही राहिला तर किंगपिन किंवा बॉल जॉइंट (पुढचं चाक ज्यावर वळतं ते सांधे). दोन मिनिटांचं काम आहे पण अर्धे लोक बेअरिंग बदलून येतात आणि आवाज तसाच.

आणि ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट 4 नवीन असताना साधारण 230 डिग्रीला उकळतं, पाणी मुरल्यावर तोच आकडा 155 च्या आसपास येतो, आणि लांब उतारावर गरम झालेल्या कॅलिपरजवळ ते उकळलं की पाइपात वाफ होते, पेडल सरळ फ्लोअरला टेकतं. म्हणून सगळं जुनं ऑइल काढून नवीन भरा, रबरी होज नवीन, व्हील सिलिंडर गळतंय का बघा. अजून एक गोष्ट फार कोणी सांगत नाही, बूस्टर (ब्रेक पेडलचा जोर वाढवणारा भाग) हवेच्या दाबावर चालतो, त्यामुळे 4500 मीटरवर त्याची मदतही चाळीसेक टक्के कमी होते आणि पेडल कडक लागतं. तो बिघाड नाही पण पाय आधीपासून तयार पाहिजे. उतारावर लो रेंजमध्ये (फोर बाय फोरचे हळू, जास्त ताकदीचे गिअर) पहिला-दुसरा गिअर टाका आणि इंजिनाला गाडी धरू द्या.

हे सगळं झालं की टायर. चांगल्या ऑल टेरेन (डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांच्या) टायरचा जाड साइडवॉलवाला सेट, मूळ साइजचा किंवा फार तर एक साइज वरचा. 29 इंची जागी 32 इंची घातला तर गिअरिंग साधारण दहा टक्के लांब होतं, म्हणजे आधीच दमलेल्या इंजिनाला चढावर अजून ओझं, ब्रेकलाही तेच, आणि स्पीडोमीटर कमी दाखवतो तो वेगळाच. लिफ्ट करायचीच असेल तर दोन इंचांच्या वर जाऊ नका, आणि तेवढ्यातही प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) अँगल आणि ब्रेक होजची लांबी बघा, पूर्ण लटकलेल्या चाकावर होज ताणला जातोय का ते. पाटे बसवताना यू-बोल्ट जुने परत वापरू नका, आणि काहीशे किलोमीटर चालवून झाले की सगळे नट परत आवळा, कारण नवीन पाटे बसतात आणि बोल्ट सैल होतात, मग सेंटर बोल्ट तुटून अख्खा अॅक्सल मागे सरकतो.

प्रश्न: माझी गाडी खाली मस्त चालते पण 3500 मीटरच्या वर गेलं की काळा धूर, पिकअप नाही, आणि थांबलो की रेडिएटरच्या झाकणातून पाणी बाहेर. मिस्त्री म्हणाला थर्मोस्टॅट काढून टाकू. काढू का?

उत्तर: नका काढू. थर्मोस्टॅट काढला की थंडीत इंजिन कधी नीट गरमच होत नाही, डिझेल खातं, झिजतं, आणि मूळ दुखणं तसंच राहतं.

तुमच्या दोन तक्रारी वेगळ्या आहेत पण मुळाशी हवाच आहे. 5500 मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. विनाटर्बो इंजिनाची ताकद ढोबळमानाने दर 100 मीटरला एक टक्का जाते, आणि मेकॅनिकल पंपाला हे कळत नाही, तुम्ही पेडल जेवढं दाबाल तेवढं डिझेल तो सोडतो, हवा पुरत नाही, उरलेलं डिझेल काळा धूर होऊन मागे जातं. एअर फिल्टर नवीन टाका, नोझल आणि पंप एकदा चेक करून घ्या, टर्बो असेल तर त्याचे पाइप फाटलेत का बघा, आणि बाकी उपाय उजव्या पायात आहे: खालचा गिअर, पेडल कमी. पंपाचा स्क्रू पिळून "पिकअप वाढवून" देणारे भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. धूर निळा असेल तर ऑइल जळतंय आणि गरम इंजिनवरही पांढरा येत राहिला तर हेड गॅस्केटपासून शोध सुरू करावा लागेल, पण तुमचा काळा आहे म्हणजे बरंय.

आता पाणी. 4500 मीटरवर साधं पाणी 85 डिग्रीच्या आसपास उकळतं, आणि थर्मोस्टॅट उघडतोच मुळी 82 ते 88 च्या दरम्यान! म्हणजे तिथे इंजिन थंड राहतं ते केवळ झाकणाच्या जोरावर. 0.9 बारचं चांगलं झाकण असेल तर त्याच उंचीवर उकळबिंदू 110 च्या जरा वर जातो. तुमच्या झाकणाचं रबर आणि स्प्रिंग गेलेलं असणार. सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात शेवटी बदलला जातो. नवीन झाकण मूळ रेटिंगचंच घ्या, आणि पाण्याऐवजी कूलंट निम्मं-निम्मं भरा, तो उणे 35 पर्यंत गोठत नाही. तरीही काटा चढला तर रेडिएटर आतून चोंदलाय किंवा फॅनचा व्हिस्कस क्लच (इंजिन तापलं की पंखा जोडून घेणारा) गेलाय. गरम इंजिन बंद करून पंखा हाताने फिरवून बघा, मोकळा भिरभिरला तर क्लच गेला.

प्रश्न: फोर हाय (चारही चाकांना जोर, नेहमीचे गिअर) टाकून डांबरी रस्त्यावर वळताना स्टिअरिंग जड होतं आणि खालून कट्ट आवाज येतो. ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारा गिअरबॉक्स) गेली का?

उत्तर: अजून गेली नाही, असंच चालवत राहिलात तर जाईल. पार्ट टाइम सिस्टीममध्ये (फोर व्हील गरजेपुरतंच टाकायची) पुढचा-मागचा शाफ्ट एकमेकांना लॉक होतात, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापावं लागतं, कोरड्या रस्त्यावर ती घसरू शकत नाहीत म्हणून सगळा ताण शाफ्ट आणि गिअरवर. कोरड्या डांबरावर टू व्हील. लिव्हर अडकला तर थोडं सरळ रिव्हर्स घ्या, सुटेल.

प्रश्न: ओढे पार करून आल्यावर मागच्या डिफचं (डिफरन्शियल, अॅक्सलमधला गिअर) ऑइल दुधाळ निघालं. सील तर नवीनच होतं.

उत्तर: तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते, ब्रीदर (हाउसिंगमधल्या हवेच्या ये-जा करायचं भोक) मातीने बुजलेला असेल तर ती पोकळी सीलमधून पाणी ओढून भरून काढते, सील कितीही नवीन असो. ब्रीदरला पाइप जोडून वर बॉनेटपर्यंत न्या, पाण्यात शिरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं थांबा (तोवर चालत जाऊन खोली पण बघून होते), आणि दुधाळ ऑइल त्याच दिवशी बदला. पाण्यात इंजिन बंद पडलं तर सेल्फ मारू नका. डिझेलचं कॉम्प्रेशन वीसला एकच्या आसपास, पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. नोझल नाहीतर ग्लो प्लग काढून, पाणी बाहेर फेकून मगच. स्नॉर्केल (इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारा पाइप) लावलाय म्हणून निर्धास्त राहू नका, बऱ्याच जणांचे जॉइंट सीलच केलेले नसतात.

प्रश्न: विंच घेऊ की लॉकर (डिफ लॉक करणारा)?

उत्तर: आधी प्रेशर गेज आणि बऱ्यापैकी कॉम्प्रेसर. दगडमातीत टायर 35 वरून 20-22 पीएसआयला आणले की गाडी वेगळीच वागते, फक्त हळू चालवायची आणि रस्त्याला लागताच परत भरायची. सोबत फावडं, रिकव्हरी रोप आणि चेसीला बोल्ट केलेले खरे रिकव्हरी पॉइंट. टो बॉलला (ट्रेलर जोडायचा मागचा गोळा) दोर कधीही नाही, तो बॉल तुटला की गोळीसारखा येतो आणि माणसं मेलीत त्याने.

त्यानंतर मागचा लॉकर. साध्या डिफमध्ये एक चाक हवेत गेलं की दुसऱ्यालाही जोर मिळत नाही, लॉकर तेवढंच सोडवतो, पण बर्फाळ तिरक्या उतारावर तो बंद ठेवा नाहीतर शेपूट खाली सरकते. विंच शेवटी. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट क्षमतेची लागते, पुढे चांगलंच वजन वाढतं, बॅटरी-अल्टरनेटर तगडा लागतो, आणि झाडांच्या रेषेच्या वर गेलात की दोर बांधायचा कशाला?

त्या पैशात स्पेअर भरा: फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, दोन डिझेल फिल्टर, क्रॉस, एक हब बेअरिंग सील आणि ग्रीससकट, क्लच सिलिंडरचं किट, मुख्य पाटा. डिझेल फिल्टर बदलून हँड प्रायमरने एअर काढायचं काम घरी एकदा स्वतः करून बघा. आणि निघायच्या आठवडाभर आधी सगळं सामान, पाणी, डिझेल (वीस लिटरचा कॅन म्हणजे नुसतं डिझेलच साधारण 17 किलो) आणि माणसं भरून गाडी वजनकाट्यावर न्या, पुढचा अॅक्सल वेगळा, मागचा वेगळा मोजा, आकडा प्लेटवरच्या मर्यादेच्या वर गेला तर कॅरिअरवरचं सामान आधी उतरवा.