बॅटरीतल्या अ‍ॅनोडला धनाग्र म्हणायचं का?

लिथियम-आयन बॅटरीवरच्या लेखात 'नॅनोकॉम्पोझिट अ‍ॅनोड मटेरियल' आलंय, त्याचं 'अब्जांश-संमिश्र धनाग्र द्रव्य' केलं तर चालेल का, असा प्रश्न आहे. मला विचाराल तर नको. शब्द जड आहेत म्हणून नाही, तर धनाग्र इथे चक्क उलटा अर्थ देतो म्हणून.

शाळेत आपण धनाग्र शिकलो ते विद्युत अपघटनात, तिथे अ‍ॅनोड बाहेरच्या बॅटरीच्या प्लसला जोडलेला असतो त्यामुळे नाव फिट बसतं, पण बॅटरी स्वतः वीज देत असते तेव्हा इलेक्ट्रॉन अ‍ॅनोडमधूनच बाहेर पडतात, म्हणजे तुमच्या मोबाइलच्या बॅटरीतलं ग्रॅफाइट हे मायनस टोक झालं. मुळात 'अ‍ॅनोड' या शब्दात धन-ऋण नव्हतंच. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८३४ मध्ये तो वापरला, सुचवला विल्यम ह्यूएल या इंग्रज विद्वानाने, ग्रीकमध्ये अर्थ 'वर जाणारी वाट'. आपण मराठी करताना वाट सोडली आणि चिन्ह धरलं! (चार्जिंगच्या वेळी भूमिका बदलतात खऱ्या, पण बॅटरीवाले डिस्चार्जवरून पडलेलं नाव तसंच ठेवतात.)

'संमिश्र'चा घोळ वेगळाच. शाळेच्या पुस्तकात पितळ म्हणजे संमिश्र (इंग्रजीत अ‍ॅलॉय), त्यात तांबं आणि जस्त एकजीव झालेले असतात. बॅटरीतल्या या कॉम्पोझिटमध्ये मात्र सिलिकॉनचे कण आणि कार्बन आपापले वेगळेच राहतात, चिक्कीत शेंगदाणा शेंगदाणाच राहतो ना, तसं. सिलिकॉन हवा कशाला, तर ग्रॅफाइटमध्ये ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-अवर (साठवलेल्या विजेचं माप) मावतात आणि सिलिकॉनमध्ये साधारण ३६००, पण लिथियम शिरला की ग्रॅफाइट जेमतेम दहा टक्के फुगतं आणि सिलिकॉन भिजवलेल्या साबुदाण्यासारखा तिप्पट-चौपट होतो, मग त्याला तडे जातात, म्हणून कण नॅनो आकाराचे करून कार्बनमध्ये बसवायचे. आणि गंमत म्हणजे फुगताना सिलिकॉन लिथियमबरोबर जे बनवतो ते पितळाच्या जातीचं संमिश्र! आता एकाच वाक्यात दोन्ही आले तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

अब्जांशला माझी हरकत नाही, हिशोबाने बरोबर आहे, पण नॅनो आता सगळ्यांच्या तोंडी बसलाय.

तेव्हा सरळ 'सिलिकॉन-कार्बन नॅनोकॉम्पोझिट अ‍ॅनोड' लिहा, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे बॅटरीचं मायनसकडचं टोक' एवढं जोडा. मराठीच हवं असेल तर 'ऋण इलेक्ट्रोड' चालेल. फक्त 'ऋणाग्र' करू नका, तो कॅथोडसाठी, म्हणजे समोरच्या इलेक्ट्रोडसाठी, आधीच दिलेला आहे.