आयर्लंडमधला 'हायर डिप्लोमा': नावाला भुलू नका, लेव्हल बघा

तुमचा प्रश्न असा, की तीन वर्षांचं बी.कॉम. झालंय, आता आयर्लंडमध्ये डेटा ॲनालिटिक्सचा हायर डिप्लोमा करावा की एम.एस्सी.? दोन्ही वर्षभराचेच आहेत आणि डिप्लोम्याच्या नावात 'हायर' आहे, मग एम.एस्सी.ला जास्त पैसे का मोजायचे?

त्या 'हायर'नेच घोळ होतो. तिथे २००३ पासून शिक्षणाची दहा पातळ्यांची राष्ट्रीय चौकट आहे, एनएफक्यू. ऑर्डिनरी पदवी ७ वर, ऑनर्स पदवी ८ वर, मास्टर्स ९ वर, पीएच.डी. १० वर. हायर डिप्लोमा बसतो ८ वर, म्हणजे ऑनर्स पदवीच्या रांगेत. पदवीनंतर विषय बदलू पाहणाऱ्यांना तो सोयीचा. पोस्टग्रॅज्युएट डिप्लोमा मात्र ९ वर. ऐकायला दोन्ही सारखेच, मधे अख्खी पायरी!

ही पायरी पुढे फार महागात पडू शकते. शिक्षण संपल्यावर तिथे राहून नोकरी शोधायला 'स्टॅम्प १जी' हा परवाना मिळतो, त्याची मुदत याच आकड्यावर ठरते. लेव्हल ८ असेल तर १२ महिने. ९ किंवा त्यावर असेल तर १२ महिने आणि नूतनीकरण करून आणखी १२, मात्र तेव्हा नोकरीसाठी खरोखर धडपड केल्याचं दाखवावं लागतं. एम्प्लॉयमेंट परमिट देणारी कंपनी शोधायला वर्ष कसं अपुरं पडतं, ते मी स्वतः भोगलंय. फीची तुलना करताना हे दुसरं वर्षही हिशेबात धरा.

अर्थात, नुसती लेव्हल बघूनही भागत नाही. लेव्हल ९ चं छोटं सर्टिफिकेटही असतं, 'स्पेशल पर्पज' प्रकारचं. पातळी मास्टर्सची, पण अभ्यास मूठभर क्रेडिटांचा. एका वर्षाचं मास्टर्स साधारण ९० क्रेडिटांचं असतं. म्हणून कोर्सच्या माहितीत 'मेजर अवॉर्ड', म्हणजे त्या पातळीची पूर्ण पात्रता, असं लिहिलंय ना, ते बघा. एजंट हे आपणहून सांगत नाहीत.

आता तुमची बी.कॉम. परदेशी पदव्या तिथल्या चौकटीत कुठे बसतात हे सांगणारी 'नारिक आयर्लंड' ही सेवा आहे, तिच्या यादीत पदव्यांची तुलना फुकट बघता येते. आपली तीन वर्षांची पदवी सहसा लेव्हल ७ शी जुळवतात. घाबरू नका, तो फक्त सल्ला असतो. प्रवेश द्यायचा की नाही हे कॉलेज ठरवतं, आणि काही कॉलेजं गुण आणि अनुभव बघून अशा पदवीवर थेट मास्टर्सला घेतात. आधी त्यांनाच ईमेल करून विचारा.

आणि हो, इंग्लंडमधल्या मित्राच्या सल्ल्याने जाऊ नका. तिथल्या चौकटीत मास्टर्सच लेव्हल ७ असतं. माझ्या मित्राने 'सात म्हणजे मास्टर्स' सांगितलं आणि मी दोन दिवस खुशीत होतो.

कोणतंच मास्टर्स घेत नसेल, तरच हायर डिप्लोमा.