अथेन्स आणि स्पार्टा सोडून प्राचीन ग्रीसमधल्या एखाद्या छोट्या गावाचा इतिहास सांगाल का?

प्लाटियाचा सांगतो. किथेरॉन डोंगराच्या उत्तर पायथ्याशी वसलेलं हे गाव. बलाढ्य थीब्ज जेमतेम 13 किलोमीटरवर, आणि त्याचा डोळा कायम या गावावर. संरक्षणासाठी प्लाटियाचे लोक आधी स्पार्टाकडेच गेले होते. ‘आम्ही लांब, तुम्ही अथेन्सला धरा’ असं सांगून स्पार्टाने त्यांना वाटेला लावलं. इ.स.पू. 519च्या सुमारास अथेन्सशी झालेला हा करार त्यांनी शेवटपर्यंत पाळला. 490मध्ये मॅरेथॉनला अथेन्सच्या मदतीला धावून गेलेलं गाव हेच. 479मध्ये याच गावाजवळ इराण्यांचा पराभव झाला, तेव्हा स्पार्टाचा सेनापती पॉसॅनियस याने प्लाटियाच्या स्वातंत्र्याची शपथ सर्वांना घ्यायला लावली.

431मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातलं युद्ध पेटायच्या बेतात असताना थीब्जचे 300हून थोडे अधिक सैनिक फितुरीने रात्री गावात शिरले. पाऊस, अंधार आणि अनोळखी गल्ल्या यांत ते अडकले. आसोपोस नदीला पूर आल्याने मागची कुमकही उशिरा पोचली. पकडलेल्या 180 जणांना प्लाटियाने ठार मारलं. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात महागात पडलेली चूक. ओलीस ठेवायला हाती होतं तेच त्यांनी घालवलं.

429मध्ये थीब्जचा मित्र असलेल्या स्पार्टाने वेढा घातला. म्हातारे, बायका-मुलं आधीच अथेन्सला पाठवली होती. आत उरली 400 गावकरी आणि 80 अथेन्सवासी अशी शिबंदी, आणि भाकरी करायला 110 बायका. स्पार्टाने तटाला टेकून धमधमा, म्हणजे तटावर चढायला मातीचा उंचवटा, रचायला घेतला. दोन्ही कडांना लाकडांची जाळी, मध्ये माती, दगड, लाकूड. काम 70 दिवस पाळ्या लावून चाललं. गावकऱ्यांनी समोरचा तट लाकडी सांगाड्यात विटा बसवून उंच केला आणि जळते बाण लागू नयेत म्हणून त्यावर कातडी ताणली. मग तटाला भोक पाडून धमधम्याची माती आत ओढायला सुरुवात केली. शत्रूने बोरूच्या चटयांत चिखल ठासून भोक बुजवलं, तर यांनी खालून भुयार खणलं. वरून टाकलेली माती खचतच राहिली. शिवाय आतल्या बाजूला चंद्रकोरीसारखा दुसरा तट उभा केला. तट फोडणाऱ्या यंत्राचं तोंड फास टाकून वर खेचायचं, नाहीतर साखळ्यांनी लटकवलेली तुळई त्यावर सोडून मोडायचं.

शेवटी स्पार्टाने गावाभोवती एकमेकींपासून 16 फूट अंतरावर दोन समांतर भिंती घातल्या. मध्ये पहारेकऱ्यांच्या खोल्या, दर दहा चर्यांना (भिंतीवरच्या आडोशाच्या कंगोऱ्यांना) एक बुरूज, आत-बाहेर खंदक. एक खोट राहिली: पावसात पहारेकरी चर्या सोडून बुरुजांत बसायचे.

428च्या हिवाळ्यात धान्य संपत आलं आणि सुटकेचा बेत ठरला. शिडी किती लांब हवी? भिंतीचा गिलावा न केलेला भाग शोधून विटांचे थर मोजले. एकट्याचा हिशेब चुकू शकतो, म्हणून अनेकांनी पुन्हापुन्हा मोजले आणि जुळलेला आकडा धरला. एका विटेच्या जाडीवरून उंची निघाली. वादळी, बिनचांदण्याची रात्र निवडली. शस्त्रं एकमेकांवर आपटून वाजू नयेत म्हणून माणसं अंतर ठेवून चालली, चिखलात घसरू नये म्हणून फक्त डाव्या पायात जोडा. तरीही वर चढताना कुणाचा तरी हात लागून एक कौल पडलं. आतल्यांनी लगेच विरुद्ध बाजूने हल्ल्याची हूल दिली. शत्रूने थीब्जला मशालींचा इशारा करताच यांनीही मशाली पेटवून तो इशारा गोंधळात टाकला. बाहेरच्या खंदकातल्या पाण्यावर कच्चा बर्फ होता, चालण्याजोगा नव्हे. मानेइतक्या पाण्यातून जावं लागलं. पलीकडे ते आधी मुद्दाम थीब्जच्याच रस्त्याने गेले, कारण तिथे त्यांना कोणी शोधणार नव्हतं, आणि मग डोंगराकडे वळले. 212 जण अथेन्सला पोचले.

मागे राहिलेल्यांनी 427च्या उन्हाळ्यात शरणागती पत्करली. स्पार्टाच्या पाच न्यायाधीशांनी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: या युद्धात तुम्ही स्पार्टाचं किंवा त्याच्या मित्रांचं काही भलं केलंत का? ‘हो’ म्हणणं शक्यच नव्हतं. प्लाटियाचे किमान 200 आणि अथेन्सचे 25 जण मारले गेले, बायकांना गुलाम केलं. अथेन्सची मदत शेवटपर्यंत आलीच नाही. आपल्याकडे गाढवाचा नांगर फिरवत. इथे गाव पाडून त्याच्याच दारा-छपरांतून हेरा देवीच्या देवळापाशी 200 फुटी दुमजली धर्मशाळा बांधली.

386नंतर गाव पुन्हा वसलं, 373मध्ये थीब्जने पुन्हा उद्ध्वस्त केलं, 338नंतर मॅसिडोनियाच्या आधाराने परत उभं राहिलं. आज तिथे दिसणारी तटबंदी बहुतेक या नंतरच्या काळातली आहे, त्यामुळे वेढ्याच्या विटा मोजायच्या हेतूने जाऊ नका.