जुनं व्हीबी ६ मधलं सॉफ्टवेअर नव्या डॉटनेटवर नेताना डेटाबेसचा कोड कसा लिहावा?

तुम्ही विचारलंय, पतसंस्थेचं व्हीबी ६ (मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा) मधलं सॉफ्टवेअर नव्या डॉटनेटवर नेताना स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेला एसक्यूएल कोड) तशाच ठेवाव्यात की सगळं एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये (क्लासवरून एसक्यूएल आपोआप बनवणारी लायब्ररी) नव्यानं लिहावं. माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी प्रोसिजरना हात लावू नका. भाषा बदला, स्क्रीन बदला, पण त्याच झपाट्यात डेटाबेसशी बोलायची पद्धत बदलू नका. दोन्ही एकदम बदललं की गाडी कुठं अडली हेच कळत नाही. हे मी बेळगावातल्या एका पतसंस्थेच्या कामात बघितलंय.

संस्थेच्या शाखा शहापूर, खानापूर, निपाणीकडं. निम्मे सभासद मराठी, निम्मे कन्नड. खरा कणा पिग्मीचा, म्हणजे एजंटमार्फत रोज गोळा होणाऱ्या छोट्या ठेवींचा. एजंट दिवसभर गणपत गल्ली, खडे बाजार फिरून पैसे गोळा करणार आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला शाखेत येऊन मशीन काउंटरला जोडणार. एकेकाच्या दोन-अडीचशे नोंदी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे काम चहा येईपर्यंत व्हायचं.

नवं सॉफ्टवेअर सुरू झालं त्या सोमवारी पहिल्या एजंटचं मशीन पाच-सहा मिनिटं घेत राहिलं. दुसऱ्यानं जोडलं, तर ते जागचं हलेना. तिसऱ्याला टाइमआउटचा मेसेज. आठ वाजले तरी रांग दारापर्यंत. एक कन्नड एजंट दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारायचे, "इन्ना आगिल्लेनरी मॅडम?" (अजून झालं नाही का?) मॅनेजर म्हणाले, "रोकड मोजून तयार आहे, नोंद नाही. तिजोरी बंद कशी करायची सांगा." त्यांचं बरोबरच होतं. लोकांनी विश्वासानं दिलेले दहा-दहा, वीस-वीस रुपये होते ते.

आमच्या टीम लीडनं दोन उपाय काढले. कमांड टाइमआउट, म्हणजे क्वेरीची वाट बघायची मुदत, ३० सेकंदांवरून ३०० वर नेला आणि सर्व्हरला रॅम वाढवून मागितली. मी म्हटलं, आधी क्वेरी बघूया. उत्तर आलं, "एसक्यूएल आता कोण वाचतं? ते फ्रेमवर्कचं काम." हे वाक्य मी विसरलेली नाही.

मी त्या रात्री प्रोफायलर (एसक्यूएल सर्व्हरकडं येणाऱ्या क्वेरी दाखवणारं साधन) लावला. खाते नंबर हीच टेबलची प्रायमरी की (ओळ ओळखायचा कॉलम), प्रकार व्हारचार(१२), म्हणजे युनिकोड नसलेली १२ अक्षरं. पण एंटिटीचे क्लास आमच्याकडं हातानं लिहिले होते आणि त्यात नुसतं स्ट्रिंग म्हटलं होतं. एंटिटी फ्रेमवर्क असल्या स्ट्रिंगला युनिकोड धरतं, म्हणजे पॅरामीटर जातो एनव्हारचार (युनिकोडचा प्रकार) म्हणून. एसक्यूएल सर्व्हरच्या नियमात एनव्हारचार वरचढ, म्हणून तो पॅरामीटर खाली आणत नाही, कॉलममधला प्रत्येक खाते नंबर वर चढवून तुलना करतो. आमच्या डेटाबेसचं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचे नियम) जुनं, 'एसक्यूएल_लॅटिन१' वालं. त्यात असं झालं की इंडेक्सवर नेमकी उडी मारता येत नाही, अख्खा इंडेक्स वाचावा लागतो. एक्झिक्युशन प्लॅनवर (क्वेरी कशी चालली त्याच्या आराखड्यावर) पिवळा त्रिकोण आणि 'कन्व्हर्ट_इम्प्लिसिट' हे शब्द स्पष्ट दिसत होते.

रांगेचं कारणही त्यातच होतं. एका एजंटच्या सगळ्या नोंदी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल नाहीतर काहीच नाही) होत्या, आणि ते योग्यच. पण अपडेट करताना अख्खं टेबल चाळायचं म्हटल्यावर दुसऱ्या एजंटची क्वेरी पहिल्यानं लॉक केलेल्या ओळीपाशी येऊन थांबणारच, मग तिचं खातं वेगळं का असेना. रॅम कितीही घाला, हे सुटणार नव्हतं.

मी मॉडेलमध्ये त्या एका कॉलमला 'इजयुनिकोड(फॉल्स)' आणि लांबी १२ लावली. मंगळवारी संध्याकाळी एजंट चहा न घेताच घरी गेले.

आता प्रोसिजर ठेवा असं का म्हणते ते बघा. प्रोसिजरच्या पॅरामीटरवरच व्हारचार(१२) लिहिलेलं असतं. बाहेरून काहीही पाठवा, रूपांतर दारातच एकदा होतं आणि आत इंडेक्स नीट वापरला जातो. जुना व्हीबीचा कोड तर सरळ अवतरणचिन्हांत खाते नंबर चिकटवायचा. अवतरणचिन्हाआधी 'एन' (युनिकोडची खूण) नसलेला तो मजकूर व्हारचारच, म्हणून ते वेगात चालायचं. एसक्यूएल इंजेक्शनचं (कुणी खाते नंबराच्या जागी स्वतःची क्वेरी घुसवण्याचं) दार मात्र सताड उघडं. ती पद्धत परत आणू नका.

आणि हाच 'एन' नावांच्या बाबतीत उलटा चावतो. जुन्या टेबलात मराठी नावं एका फॉन्टच्या सांकेतिक अक्षरांत होती, कन्नड नावं दुसऱ्या. आम्ही ती युनिकोडमध्ये आणली, कॉलम एनव्हारचार केला, पण भरायच्या स्क्रिप्टमध्ये अवतरणचिन्हाआधी 'एन' लिहायचा राहिला. सगळी नावं प्रश्नचिन्हं झाली. एकदा प्रश्नचिन्ह साठलं की मूळ अक्षर त्यातून परत निघत नाही. जुनं टेबल जपून ठेवलं होतं म्हणून पुन्हा भरता आलं. सीमाभागात काम करणाऱ्यानं हे पहिल्या दिवशी तपासायचं: नावाला, पत्त्याला युनिकोड हवंच, दोन्ही लिप्यांसाठी. खाते नंबराला, पॅन नंबराला त्याची गरज नाही.

बाकीचं थोडक्यात. पैसे डेसिमलमध्येच, फ्लोटमध्ये (जिथं आकडा अंदाजे साठतो) कधीच नाही. व्याजाच्या बेरजेत पैशांचा फरक आला की ऑडिटर सोडत नाही. नवीन 'मायक्रोसॉफ्ट.डेटा.एसक्यूएलक्लायंट' या एसक्यूएल सर्व्हरशी जोडणाऱ्या लायब्ररीत ४.० पासून एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं. शाखेतल्या सर्व्हरवर स्वतःचंच प्रमाणपत्र असेल तर पहिल्याच दिवशी कनेक्शन नाकारलं जाईल, त्याची सोय आधी करा. कनेक्शन 'यूझिंग'मध्येच उघडा, म्हणजे काम झालं की ते आपोआप मिटतं. पूलमध्ये (कनेक्शनच्या साठ्यात) आपसूक १०० च मिळतात आणि न मिटलेली कनेक्शन ऐन ३१ मार्चला नडतात.

एंटिटी फ्रेमवर्क वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. नवी छोटी स्क्रीन, मास्टरची (मूळ याद्यांची) भरणी यासाठी मी ते आनंदानं वापरते. २०१९ च्या ३.० पासून तर जी क्वेरी एसक्यूएलमध्ये बदलता येत नाही ती गुपचूप सगळा डेटा ओढून मेमरीत चालवण्याऐवजी सरळ एरर देते, ही मोठी सुधारणा. क्लास हातानं लिहिण्यापेक्षा असलेल्या डेटाबेसवरून तयार करून घेतले असते, तर व्हारचार कॉलमची खूण त्यांत आपोआप आली असती. आमच्याकडं "हातानं लिहिलेला कोड स्वच्छ दिसतो" म्हणून ते नाकारलं गेलं. आणि डॅपर (एसक्यूएल आपणच लिहायची दुसरी छोटी लायब्ररी) घेतलं म्हणजे सुटलो असंही नाही, तेही स्ट्रिंगला एनव्हारचारच धरतं. तिथं 'डीबीस्ट्रिंग' वापरून ते व्हारचार आहे असं सांगावं लागतं. लायब्ररी कुठलीही घ्या, ती पाठवते ते एसक्यूएल टीममधल्या एकानं तरी रोज वाचलं पाहिजे, आणि तो माणूस लीड असेल तर फार बरं.

हे सगळं एसक्यूएल सर्व्हरबद्दल. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर जाणार असाल तर व्हारचार-एनव्हारचार हा भेदच नाही. तुमच्याकडं खाते नंबराचा कॉलम कुठल्या प्रकारचा आहे आणि डेटाबेसचं कोलेशन काय आहे, ते बघून इथंच खाली लिहा. कॉलम आधीपासून एनव्हारचार असेल तर वरची पिग्मीची गोष्ट तुम्हाला लागू नाही, फक्त नावांचं तेवढं बघा.